तोरणमाळला दोन रात्री: मच्छरदाणी, मलम, मशीन की गोळ्या?

पाऊस सरत आला की आमच्या खान्देशात तोरणमाळचा, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणाचा बेत ठरतो. गाडी, शेवभाजी, यशवंत तलावाकाठची संध्याकाळ, सगळं एका फोनवर जमतं. अडतं ते बॅग भरताना. यंदा मेव्हण्याने विचारलं, "दाजी, हिवतापाच्या गोळ्या आणू, की मच्छरदाणी पुरे?"

आधी डासाची वेळ बघा. हिवताप पसरवणारी अ‍ॅनोफिलिसची मादी अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चावते. दिवसा चावणारा पांढऱ्या पट्ट्यांचा डास डेंग्यूचा. त्याचं गणित वेगळं.

झोपेच्या वेळेपुरती मच्छरदाणीला तोड नाही. तिला वीज लागत नाही, संपतही नाही. साध्या जाळीला हात टेकला तर डास बाहेरूनच चावतो, म्हणून कीटकनाशक लावलेली मिळाली तर तीच घ्या. अडचण एकच: लॉजच्या भिंतीला खिळा नसतो. तंबूसारखी उघडणारी फोल्डिंगची नेली की तोही प्रश्न मिटतो.

प्लगला लावायच्या डास पळवणाऱ्या मशीनला बंद खोली आणि वीज दोन्ही हवं. डोंगरात वीज गेली की ते नुसतं प्लास्टिक. कॉइलचा धूर व्हरांड्यात वारा नेतो आणि बंद खोलीत आपल्याच छातीत जातो.

पण सूर्य मावळल्यापासून अंथरुणात शिरेपर्यंतचं काय? तिथे डास पळवणारं मलम. घोटे, मान, कानामागे लावा, घाम आला की पुन्हा लावा. लहान मुलांच्या तळहातांना नको, हात तोंडात जातात. आपल्याकडे शेतातल्या भरीतपार्टीत वांगी भाजतानाचा धूर आहे म्हणून सगळे निर्धास्त बसतात, आणि घोटे मात्र उघडेच!

आता गोळ्या. डॉक्सीसायक्लिन जाण्याच्या 2 दिवस आधीपासून रोज एक, आणि परतल्यावर 4 आठवडे. म्हणजे 2 रात्रींच्या सहलीला 33 गोळ्या. 8 वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बाईला ती चालत नाही, उन्हात कातडीही लवकर भाजते. मेफ्लोक्विन आठवड्याला एकच, पण कुणाला भलतीसलती स्वप्नं पडतात आणि फिट येणाऱ्याला ती देतच नाहीत. आफ्रिकेत जाणाऱ्याने किंवा हिवतापाच्या जंगलपट्ट्यात लांब मुक्काम करणाऱ्याने डॉक्टरांना विचारून गोळ्या जरूर घ्याव्यात.

मेव्हण्याला मी फोल्डिंग मच्छरदाणी, मलम आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट सांगितले. घरात कुणी गरोदर असेल तर मी सहलच पुढे ढकलेन. गरोदरपणात हिवताप फार जड जातो.

गोळ्या नाहीत तर एक अट मात्र पाळायची. हिवतापाचा ताप सहसा चावल्यानंतर आठवडा उलटल्यावर येतो, आणि व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून कित्येक महिन्यांनीही उठतो. तेव्हा परतल्यावर ताप भरला तर क्रोसिनवर दिवस न काढता त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना आधी सांगायचं, "तोरणमाळला जाऊन आलोय." प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते.