घरचं वायफाय: नाव लपवावं, पासवर्ड बदलावा की राउटरच नवा घ्यावा?

नाशिकमध्ये इंदिरानगरला मावशीकडे गेलो होतो. नेट फार रखडतंय म्हणाली, म्हणून फोनवरून राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. घरात मोबाइल दोन आणि टीव्ही एक. यादीत जोडलेली उपकरणं सात. पासवर्ड काय होता? मावशीचाच मोबाइल नंबर. जोडणी करायला आलेल्या मुलाने "लक्षात राहील काकू" म्हणून तोच टाकून दिलेला. हा नंबर दूधवाल्याकडे आहे, किराणावाल्याकडे आहे, सोसायटीच्या ग्रुपवर तर सगळ्यांकडेच आहे.

"वापरेना का कोणी, आपलं काय जातं?" असं तिचं म्हणणं. जातं ते नेटपुरतं नसतं. जुलै 2008 मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं जो ई-मेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या वायफायवरून पाठवलेला होता. त्या घरातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण चौकशीला सामोरं त्यालाच जावं लागलं. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याचंच दार वाजवणार.

आता पर्याय. लोक सगळ्यात आधी सुचवतात ते दोन: वायफायचं नाव लपवणं आणि ठरावीक फोनच आत घेणारं मॅक फिल्टर. दोन्हींवर माझा भरवसा नाही. नाव लपवलं तरी तुमचा फोन जोडला जाताना ते नाव हवेत उच्चारतोच, आणि साध्या फुकट सॉफ्टवेअरला ते दिसतं. मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक, तोही तसाच उघडा फिरतो. तो पाहून दुसऱ्याला आपल्या लॅपटॉपवर चढवता येतो. वर त्रास तुम्हालाच, कारण आताचे अँड्रॉइड आणि आयफोन स्वतःच बनावट मॅक अ‍ॅड्रेस वापरतात आणि फिल्टर घरच्याच माणसाला बाहेर ठेवतं.

खरी तुलना आहे ती लांब पासवर्ड आणि नवा राउटर यांची.

वायफायला कुलूप लावण्याची पद्धत म्हणून बहुतेक घरांत आज डब्ल्यूपीए2 आहे. ही पद्धत 2004 ची, पण अजून टिकाऊ. तिची मोठी कमजोर बाजू ही. तुमचा फोन राउटरला जोडला जातो त्या क्षणाची देवाणघेवाण कोणी टिपून घेतली, तर तो घरी बसून निवांत पासवर्ड ओळखत राहू शकतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. नुसते आठ आकडे म्हणजे 10 कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखो शक्यता तपासतं, म्हणजे हे काम काही मिनिटांचं. दहा आकडी मोबाइल नंबरही तासाभरात, फार तर काही तासांत सापडतो. पण एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले, तर हीच पद्धत त्याला पुरून उरते. गावाचं नाव, नातवाचं नाव, गाडीचा नंबर मात्र त्यात नको. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं.

त्यापुढची पद्धत डब्ल्यूपीए3 2018 मध्ये आली आणि तिने नेमकं हेच घरबसल्या ओळखणं बंद केलं. प्रत्येक प्रयत्नासाठी राउटरशीच बोलावं लागतं. पासवर्ड जरा कच्चा असला तरी सांभाळून घेतं. पण घरातला जुना टीव्ही किंवा प्रिंटर त्याला जोडला जाईलच असं नाही. तेव्हा डब्ल्यूपीए2 आणि 3 एकत्र असलेला पर्याय ठेवावा लागतो आणि फायद्याची धार तेवढी कमी होते.

माझं मत सांगतो. सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए2 दिसत असेल, तर फक्त सुरक्षेसाठी आज नवा राउटर घेऊ नका. आधी कंपनीच्या अपडेटनंतर डब्ल्यूपीए3 दिसतं का ते पाहा. पण तिथे त्याहून जुनं डब्ल्यूईपी किंवा नुसतं डब्ल्यूपीएच असेल, किंवा कंपनीने अपडेट देणंच थांबवलं असेल, तर विचार करत बसू नका, बदला. डब्ल्यूईपी 2001 सालीच फोडलं गेलंय.

कोणताही पर्याय घेतलात तरी डब्ल्यूपीएस बंद करा. बटण दाबून जोडायची ती सोय. तिचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणून 10 कोटींऐवजी जेमतेम 11,000 प्रयत्न पुरतात. हे 2011 मध्ये उघड झालं. कितीही लांब पासवर्ड ठेवा, हे दार उघडं असेल तर तो फुकट. राउटरच्या पानाचा अ‍ॅडमिन पासवर्डही, जो अनेकदा बुडाच्या स्टिकरवर छापलेला असतो, त्याच बैठकीत बदला.

पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास ज्यांच्याकडे यात्रेकरू पाहुणे उतरतात, त्यांनी सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी गेस्ट नेटवर्क लावून ठेवावं. कॉलेज रोडला खोल्या भाड्याने देणाऱ्यांनीही. पाहुण्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. तुमचा लॅपटॉप आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असलेला बॉक्स त्याच्या नजरेबाहेर. तो गेला की फक्त तोच पासवर्ड बदलायचा.

मावशीकडे आम्ही पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं आणि यादी पुन्हा उघडली. माझा फोन सोडला तर एकही उपकरण नव्हतं. मग तिचा फोन जोडला, काकांचा जोडला, शेवटी टीव्ही. तीन.