टँक बॅग वर्षभर वापरली: सामानापेक्षा वरची काचच जास्त कामाला आली

आधीच सांगून टाकतो, ही बॅग मी सामान न्यायला घेतली होती आणि सामानाच्या बाबतीत ती ठीकठाकच आहे. तरी वर्षभरात जवळपास प्रत्येक राईडला ती बाईकच्या पेट्रोल टाकीवर होती आणि तिच्यामुळे फोन हँडलवरून उतरला तो परत चढलाच नाही, म्हणून हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण हुबेहूब हीच बॅग आठ-दहा वेगवेगळ्या नावांनी विकली जाते, फक्त वरचा लोगो बदलतो.

माझं बाईक चालवणं कसं आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. मला कुठे पोचायचं नसतं. सकाळी उजाडता निघायचं, हायवे जमेल तेवढा टाळायचा, गावांना जोडणारे बारके रस्ते धरायचे, झाड बरं दिसलं की थांबायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. दिवसाला १५०-१८० किमी, बस. ग्रुपमधले फास्टवाले हसतात की एवढं तर आम्ही पहिल्या टप्प्यात मारतो. मारा की. पण असल्या रस्त्यांवर वळणं, गुरं, खड्डे, ट्रॅक्टर सगळं धरून सरासरी ३५-४० च्या वर जात नाही, म्हणजे १७० किमीला साडेचार तास नुसते सीटवरच जातात, त्यात थांबणं मिळवलं की दिवस भरला. नवीन लोक हायवेच्या हिशोबाने ३०० किमीचा प्लॅन करतात आणि मग दुपारनंतर मान खाली घालून नुसते ओढत बसतात, बघणं राहतं बाजूला.

तर आधी मीपण सगळ्यांसारखा फोन हँडलवर क्लॅम्पला लावायचो. त्यात काय वाईट होतं हे मला बरेच दिवस कळलंच नाही. ६० च्या स्पीडला बाईक एका सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे स्क्रीनवर दोन सेकंद नजर गेली की ३३ मीटर तुम्ही आंधळे. हायवेला ते एक वेळ खपून जातं (जात नाही खरं तर, पण वाटतं). बारक्या रस्त्यावर तेवढ्यात वळणाच्या आतल्या बाजूला सांडलेली खडी येते, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल येतो, नाहीतर कुत्रं येतं. आणि मुख्य म्हणजे वळणात नजर पार लांब हवी, रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात तिथे. तो बिंदू तुमच्याकडे सरकत येतोय असं वाटलं की वळण आवळतंय, स्पीड कमी करा, तो लांब पळायला लागला की वळण सुटतंय. हे एकदा जमायला लागलं की बारक्या रस्त्याची खरी मजा सुरू होते, आणि मी काय बघत होतो तर फोनच्या मॅपवरचा निळा ठिपका.

त्यात मॅपचा स्वभाव असा की त्याला तुम्हाला लवकर पोचवायचंय. हायवे टाळायचं सेटिंग गूगल मॅप्समध्ये आहे, ते चालू केलं तरी उरलेल्यातला लवकर पोचवणाराच रस्ता तो आधी पुढे करतो, सुंदर कुठला ते त्याला कुठून कळणार. कुर्व्हिगर म्हणून एक जर्मन ॲप आहे ते मुद्दाम वळणावळणाचे रस्ते शोधून देतं, ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालतं, आणि किती किमीचा गोल फेरा हवा ते सांगितलं की फेरा आखून देतं. घरी बसून प्लॅन करायला हे झकास आहे, मी अजूनही वापरतो. पण चालवताना तेही स्क्रीनच.

आणि मग कॅमेरा गेला. माझा फोन कुठला ते राहू दे. एक दिवस फोटो काढताना स्क्रीनवर सगळं चित्र जेलीसारखं थरथरायला लागलं आणि फोनच्या आतून बारीक कीर्रर्र आवाज. मला वाटलं फोन पडला असेल कधीतरी. नंतर वाचलं तर ॲपलने २०२१ मध्ये आपल्या आयफोनवाल्यांना लेखीच सांगून ठेवलंय की जास्त ताकदीच्या बाईकच्या इंजिनचं व्हायब्रेशन हँडलमधून फोनपर्यंत जातं आणि कॅमेरा खराब होऊ शकतो, तेव्हा फोन थेट हँडलला लावू नका. कारण साधं आहे. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स सैल, तरंगती ठेवलेली असते आणि बारकी चुंबकं तिला सावरत असतात. तिला तासन् तास इंजिनचा थरथराट दिला तर ती दमणारच. लहान इंजिनच्या किंवा इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांना त्रास कमी, पण त्यांनाही व्हायब्रेशन शोषणारा माउंट लावा असंच सांगितलंय. माझी बाईक एका सिलेंडरची, ठोक्यागणिक आरसे हलतात, त्यामुळे मला अपील वगैरे काही नव्हतंच.

हां तर बॅग. साधारण पाच लिटरची, खाली दोन्ही बाजूंना चुंबकाचे पंख, पुढे एक पट्टा हँडलच्या मुळाशी अडकवायला, वर झाकणाला पारदर्शक प्लास्टिकचा खिसा, तीच ती काच. या खिशात नकाशा ठेवायचा अशी जुनी पद्धत. कंपनीवाल्यांनी फोटोत अर्थातच फोन ठेवलेला दाखवलाय. मी पहिल्या राईडला तेच केलं. उन्हात फोन त्या काचेखाली असा तापला की अर्ध्या तासात स्क्रीन आपोआप अंधारली आणि मग बंदच. तर मग चिडून मी वहीचा कागद फाडला, रस्ता लिहून काढला आणि तो खिशात सारला. बॅगेचे पैसे त्या दिवशी वसूल झाले.

आता ही चिठ्ठी कशी लिहायची त्यात वर्षभरात बरंच डोकं घातलंय. आधी मी वाक्यं लिहायचो, 'शाळेपुढून डावीकडे' वगैरे, ती चालत्या गाडीवर वाचताच येत नाहीत. मग रॅलीवाले वापरतात ती पद्धत उचलली. चौकाचं एक छोटंसं चित्र काढायचं, खाली एक ठिपका म्हणजे तुम्ही इथून येताय, आणि जिकडे जायचं त्या फाट्याला बाण. बाकीचे फाटे नुसत्या रेघा. याला ट्यूलिप म्हणतात, नेदरलँड्समधल्या ट्यूलिप रॅलीवरून ते नाव पडलं. शेजारी फक्त एक आकडा, आधीच्या चौकापासून किती किमी. ट्रिप मीटर (शून्यावर आणता येतो तो किमीचा आकडा) प्रत्येक चौकात शून्य करायचा. झालं. १७० किमीच्या फेऱ्याला माझी १४ ते १८ चित्रं होतात, एका पानात सहा बसतात, म्हणजे तीन कागद एकावर एक, थांबलो की वरचा काढून मागे सारायचा. जाड स्केचपेनने काढा, जेल पेनने अजिबात नको, कारण त्या खिशाच्या शिलाईतून पाणी झिरपतं आणि माझी एक अख्खी दुपार निळ्या शाईच्या डबक्यात विरघळलीये. पुढचा चौक डावा की उजवा ते दिसेना म्हणून अंदाजाने उजवा घेतला तर रस्ता सात किमीवर एका तळ्याच्या बांधाशी जाऊन संपला. पुढे नुसतं पाणी. तिथे तासभर बसलो, त्यामुळे त्या शाईवर फार रागही काढता येत नाही.

फरक काय पडला म्हणाल तर चौक येईपर्यंत बघायला काहीच नसतं. फोन दर क्षणाला सरकत असतो म्हणून डोळे तिकडे जातात, कागद कशाला सरकेल. १२ किमीनंतर डावीकडे एवढं डोक्यात बसलं की १२ किमी तुमचे. चुकलो तर चुकलो, फोन आहेच बॅगेत. एक मात्र लक्षात ठेवा, बॅगेतून फोन काढून लगेच दिशा बघितली तर बाण वेड्यासारखा भलतीकडे दाखवतो, कारण खाली चुंबकं आहेत आणि फोनमधला कंपास त्यांच्यापुढे गडबडतो. बॅगेपासून लांब जाऊन बघा नाहीतर थोडं पुढे चालवून बघा, गाडी हलली की जीपीएसवरून दिशा बरोबर येते. काळ्या पट्टीची कार्डंपण बॅगेच्या तळाला ठेवू नका, पट्टी पुसली जाऊ शकते. चिपला काही होत नाही.

चुंबकं स्वतः दणकट आहेत. ही निओडिमियमची असतात, १९८० च्या दशकात निघालेली, आकाराच्या मानाने ताकद भयंकर. खराब रस्त्यावर बॅग सरकलीये असं एकदाही झालं नाही. उन्हाने त्यांची ताकद जाते का असं एकाने विचारलं होतं, तर साध्या प्रतीचं निओडिमियम साधारण ८० अंशांपर्यंत चालतं आणि टाकी तेवढी तापली तर चुंबकाआधी तुमची काळजी करावी लागेल. खरा वैताग वेगळाच आहे. लहानपणी वाळूत चुंबक फिरवून काळे कण गोळा केलेत ना? तेच इथे होतं. पेट्रोल भरताना बॅग काढून खाली जमिनीवर ठेवली की मातीतले लोहकण पंखांना मिशा फुटल्यासारखे चिकटतात, आणि मग तीच बॅग टाकीवर ठेवली की तो पॉलिशपेपर झाला. माझ्या टाकीवर डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखा एक ओरखडा आहे, पहिल्याच महिन्यातला. आता बॅग काढली की सीटवर ठेवतो, जमिनीवर नाही, आणि लावायच्या आधी पंखांवरून ओलं फडकं फिरवतो. कंपनीने खाली मऊ कापड दिलंय पण त्या कापडातूनच चिकटतात ते, कापड काय करणार.

दुसरी तक्रार चेनची. बॅगेच्या चेनची, बाईकच्या नाही. सहाव्या महिन्यात चेनचा रनर एका बाजूने सुटला, आता मी त्यात किल्लीची रिंग अडकवून ओढतो. खरं तर रिंग आधीपासूनच हवी होती, ग्लोव्ह्ज घालून तो मूळचा चिमुकला रनर पकडताच येत नव्हता. पावसाचं कव्हर देतात, ते टोपीसारखं वरून चढवायचं, पण इलॅस्टिक ढिलं आहे, ७० च्या पुढे फुगून पोटावर फडफड करतं. मी ७० च्या पुढे फारसा जात नाही म्हणून भागलं.

आणि हॉर्न! पहिल्यांदा यू-टर्न मारताना हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि बाईक एकदम बोंबलायला लागली, समोरचे आजोबा दचकून बाजूला झाले, मी अंगठा बघतोय तर अंगठा लांब. बॅगेचा कोपरा हॉर्नच्या बटणावर दाबला जात होता. बॅग दोन बोटं मागे घेतली आणि प्रश्न मिटला. कुठलीही टँक बॅग लावली की गाडी सुरू करायच्या आधी हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून बघा, हॉर्नचं ठीक आहे, पण हँडल अडकलं तर वळणात पडाल.

आत मावतं काय? पंक्चरचा किट, हातपंप, हवेचं प्रेशर बघायचं गेज, पातळ रेनकोट, पाण्याची छोटी बाटली, व्हायझर पुसायला ओलं कापड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फोमचे कानातले बोळे. बोळ्यांना हसू नका, हेल्मेटमध्ये वाऱ्याचा जो घोंगाट असतो त्यानेही संध्याकाळी डोकं जड होतं, नुसतं उन्हाने नाही. बोळा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर ओढायचा, बोळा सारायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा. जॅकेट काढून ठेवायला मात्र जागा नाही आणि ते बरंच आहे. माझ्या मित्राने याच डिझाइनची अठरा लिटरची घेतली, मोठी घेतली की सगळं मावतं म्हणून. त्याला आता स्पीडोमीटर दिसत नाही, खड्ड्यावर फूटरेस्टवर उभं राहिलं की बॅग पोटात घुसते, आणि रिकामी नको म्हणून तो त्यात काय वाट्टेल ते भरतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा चेनला कापला, एक ओरखड्याला. घ्यायची तर पाच-सहा लिटरचीच घ्या आणि वरचा खिसा वहीच्या पानाएवढा आहे ना ते आधी मोजा, काही बॅगांना फक्त फोनच्या मापाची खिडकी असते, तिचा काही उपयोग नाही. आणि ऑर्डर करायच्या आधी फ्रिजवरचं एखादं चुंबक नेऊन टाकीला लावून बघा. बऱ्याच नवीन बाईकना टाकीवर वरून प्लास्टिकचं कव्हर असतं आणि दिसायला ते पत्र्यासारखंच दिसतं. चुंबक गळून पडलं तर पट्ट्यांची बॅग बघा नाहीतर टाकीच्या झाकणाच्या रिंगला लॉक होणारी, तिला ओरखड्याचा त्रासही कमी.