शाळेतला इंक टँक प्रिंटर : १९ महिन्यांनंतर

१४ नोव्हेंबर २०२५ ला, शुक्रवारी, बालदिनाची कार्डं छापून झाली आणि प्रिंटरचे दोन दिवे आळीपाळीने लुकलुकायला लागले. लॅपटॉपवर सूचना आली : वेस्ट इंक पॅडची (वाया जाणारी शाई शोषणाऱ्या स्पंजाची) मुदत संपली, सेवा केंद्राशी संपर्क साधा. त्यानंतर एक ओळसुद्धा छापून मिळेना. चारही टाक्या निम्म्याच्या वर भरलेल्या, कागद घातलेला, आणि टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, नऊ दिवसांवर. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटातल्या, सहा शिक्षिकांना सराव प्रश्नपत्रिका छापून द्यायचं मी कबूल केलं होतं. त्या रात्री मी या प्रिंटरबद्दल चार पानं लिहून काढली, ती सगळी रागाने. त्यातलं बरंचसं आता खोडलंय. एक तक्रार मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

मॉडेलचं नाव देत नाही. या किमतीतले इंक टँक प्रिंटर सगळे साधारण सारखेच : छपाई, स्कॅन, कॉपी, वायफाय आणि समोरून दिसणाऱ्या चार टाक्या. ते तुम्हाला माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही.

पाटण तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची दुशिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, पट २७. दोन खोल्या, चार वर्ग. मी पहिली-दुसरी बघते, सर तिसरी-चौथी. दुसरीचं वाचन घ्यायला बसले की पहिलीच्या हातात काहीतरी हवं, नाहीतर दहाव्या मिनिटाला दप्तरं एकमेकांच्या डोक्यावर असतात. ते 'काहीतरी' म्हणजे कृतिपत्रिका. पाटणला झेरॉक्स दोन रुपये पान, आणि पावसाळ्यात नुसती एसटी मिळाली तरी नशीब. शाळेला संयुक्त अनुदान असतं, तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये. त्यात खडू, झाडू, वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती बसवायची. तेव्हा २०२४ च्या पाडव्याला १३,४०० रुपये स्वतःचे घातले.

मी २००८ साली शिक्षणसेविका म्हणून लागले तेव्हा मानधन ३,००० रुपये होतं, आणि तेही तीन वर्षं. तेव्हापासून खर्चाची वही ठेवायची सवय आहे. पुढचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

छपाईबद्दल तक्रार नाही. अक्षर स्वच्छ येतं, रेषा तुटत नाही, स्कॅनही बरा आहे. काळ्या बाटलीवर लिहिलेल्या आकड्याइतकी पानं मात्र मला कधीच मिळाली नाहीत. कंपनी मोजते ती पानं साध्या मजकुराची असतात, माझ्या पानावर पानभर हत्ती असतो. माझा हिशेब असा : रंगीत धरून शाईचे सरासरी २० पैसे, कागदाचे ५८ पैसे. म्हणजे पानाला ७८ पैसे. झेरॉक्सच्या मानाने पानामागे सव्वा रुपयाच्या आसपास वाचतो. आतापर्यंत ११,८०० पानं झाली.

इतकी पानं लागली त्याचं एक कारण म्हणजे पुस्तकं. २०२३-२४ पासून बालभारतीची पुस्तकं चार भागांत आली आणि आत 'माझी नोंद' अशी कोरी पानं होती. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू. पोरं वह्या आणतच राहिली, आणि २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली. बऱ्याच जणांना हा निर्णय पटला. मला त्या पानांची सवय झाली होती. त्यांवर पोरं शब्द लिहायची, चित्रं काढायची, आणि पालकसभेत आईला तेच पान उघडून दाखवायची. ते काम आता माझ्या प्रिंटरवर आलं. त्याच जूनला पहिलीचा अभ्यासक्रम बदलला, नवी पुस्तकं आली. २०२४ मध्ये पहिलीसाठी बनवलेला माझा संच, १४० पानांचा, अक्षरांच्या क्रमासकट बाजूला ठेवावा लागला. १६ जूनला शाळा उघडली आणि महिनाभर रोज संध्याकाळी मी नव्या पुस्तकाप्रमाणे पानं बनवत होते. बनवली की केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर पीडीएफ टाकायची, तिकडून दुसऱ्या कुणाची यायची. एका बाईंनी बनवलेली बेरजेची सोंगटीपट्टी इतकी छान होती की मी ती तीन वेळा छापली, कारण दोन वेळा ती पोरांनी घरी नेली.

एक खर्च तेवढा वाचला. पहिलीपासून हिंदी येणार म्हणून गटावर हिंदी मुळाक्षरांचे रंगीत तक्ते फिरत होते, पटकन छापून घ्या असा आग्रह होता. मी थांबले. २९ जूनला १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा, दोन्ही शासन निर्णय रद्द झाल्याचं जाहीर झालं. सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा नको, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

या यंत्राने मला सगळ्यात मोठा आनंद दिला तो ऑगस्टात. भातलावणी उरकली होती. पोरांना सांगितलं, घरात जे बी-बियाणं असेल त्यातलं मूठभर आणा, आणि घरी त्याला काय म्हणतात ते विचारून या. कागदाच्या पुड्या आल्या, रुमालाच्या गाठी आल्या, एकाने तर पँटच्या खिशातूनच आणलं. भात, नाचणी, वरी, पावटा, उडीद, भोपळ्याच्या बिया. पांढऱ्या कागदावर एकेक मूठ ठेवून मोबाइलवर फोटो काढले. एका पानावर चार कार्डं : वर फोटो, खाली बियाण्याचं नाव, त्याखाली ज्याच्या घरचं त्याचं नाव, आणि घरातल्या माणसाने सांगितलेलं एक वाक्य. एकाच्या आजीने सांगितलं होतं, 'नाचणी खाल्ली की चढ लागत नाही.' ते वाक्य तसंच छापलं. दुसरीतला तो मुलगा वाचनात मागे होता, जोडाक्षर आलं की थांबायचा. प्रिंटरमधून कार्ड हळूहळू बाहेर यायला लागलं तसं खाली वाकून त्याने आधी स्वतःचं नाव वाचलं, मग आजीचं वाक्य. 'खाल्ली'वर अडखळला, पुन्हा मागे गेला आणि वाचलं. मग ते कार्ड दोन्ही हातांनी धरून सरांच्या वर्गात गेला आणि न सांगता सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या दिवशी १३,४०० रुपये मला जास्त वाटले नाहीत.

त्याच कार्डांनी एक धडाही दिला. पोषण आहारानंतर ओल्या हातांनी कार्डं हाताळली आणि काही कार्डांवरची अक्षरं पसरली, काहींवरची जशीच्या तशी राहिली. दोन दिवस मला कळेना, शाई एकच, मग असं का? शेवटी सापडलं. या प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची, आहे, ती पाण्याला दाद देत नाही. पण सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार 'फोटो' ठेवला की तो ती काळी वापरतच नाही, तीन रंग मिसळून काळा करतो, आणि ते रंग पाण्यात विरघळतात. कागदाचा प्रकार 'साधा' ठेवा, चित्र थोडं फिकं येईल पण अक्षर टिकेल. रोज हाताळायच्या कार्डांना मी आता १२५ मायक्रॉनच्या पाऊचचं लॅमिनेशन करते.

पावसाबद्दल थोडक्यात. आमच्याकडे जुलैत भिंतींना ओल येते आणि उघडं रिम दोन दिवसांत लवचिक होतं. मग दोन-दोन कागद एकदम आत जातात, नाहीतर कोपरा दुमडतो. रिम प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवते आणि लागतील तेवढेच कागद काढते. हा दोष प्रिंटरचा नाही.

आता तो पॅड. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : प्रिंटर आपलं हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, साफ करतो तेव्हा शाई त्याच्या बारीक छिद्रांतून ओढून टाकतो. ती शाई कागदावर येत नाही, प्रिंटरच्या पोटात एक जाड स्पंज असतो त्यात जाते. स्पंज किती भरला याचा अंदाज यंत्र आतल्या आत मोजत राहतं, आणि आकडा पुरा झाला की छपाई थांबवतं. तोवर टाक्यांची पातळी बाहेरून दिसते, स्पंजाची दिसत नाही. विकताना दुकानदाराने हा शब्दही काढला नव्हता.

सेवा केंद्राला फोन केला. वॉरंटी एप्रिलमध्येच संपलेली, आणि पॅड तसाही वॉरंटीत धरत नाहीत म्हणे. साताऱ्याला घेऊन या, २,८५० रुपये, कामाचे पाच दिवस. मी म्हटलं, दादा, मला पुढच्या रविवारी पेपर आहे आणि सहा जणी माझ्यावर अवलंबून आहेत. तो म्हणाला, मॅडम, तक्रार नोंदवली आहे. मी विचारलं, स्पंज भरत आलाय हे आधी का कळत नाही? उत्तर आलं, सिस्टिममध्ये तसंच आहे. चार फोन झाले, प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं.

घाई का होती तेही सांगते. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी नाही. माझी १९ वर्षं उरली आहेत. १७ वर्षं शिकवल्यावर दीडशे प्रश्नांत ९० गुण मिळवून दाखवायचे. राज्यात ही परीक्षा सुरू झाली २०१३ साली, मी त्याच्या पाच वर्षं आधी निवड होऊन लागलेली. हा अन्याय वाटतो आणि तो मी उघड बोलते. पण अभ्यास केला. मोबाइलवर प्रश्नपत्रिका सोडवून अडीच तासांचा अंदाज येत नाही, कागद लागतो. सहा जणी, पाच प्रश्नपत्रिका, प्रत्येकी १६ पानं : ४८० पानं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर प्रिंटर चादरीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि एसटीने कराड गाठलं. तिथल्या एका छोट्या दुकानातल्या दादांनी माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं आणि पॅड चिमट्याने वर्तमानपत्रावर काढून ठेवला. हाताच्या तळव्याएवढे दोन तुकडे, काळेकुट्ट, शाईने जड झालेले. कागदावर ठेवल्या ठेवल्या भोवती जांभळट कडा पसरत गेली. ती सगळी मी विकत घेतलेली शाई होती. त्यातून पोरांसाठी किती पानं झाली असती, हा हिशेब मी तिथे उभ्याउभ्या केला आणि मला खरंच वाईट वाटलं.

पण मग त्यांनी विचारलं, 'मॅडम, रोज बंद कसा करता?' आणि माझं मत बदललं ते तिथे. २०२३ च्या वळवात वीज पडून लोकवर्गणीतून घेतलेला शाळेचा टीव्ही जळाला, तेव्हापासून सर घरी जाताना बोर्डावरचं मेन बटण बंद करतात. त्यांचं बरोबरच आहे. पण प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं तर हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. थेट वीज गेली की ते उघडं राहू शकतं, शाई सुकते, आणि सकाळी चालू केल्याबरोबर यंत्र शाई ओढून साफसफाई करतं. भरीला, मे महिन्याच्या सुट्टीनंतर रेषा तुटत होत्या म्हणून मी दोन्ही वर्षी डीप क्लीनिंग, म्हणजे जास्त शाई ओढणारी साफसफाई, तीन-तीनदा केलं होतं. एकदा करून काही तास थांबायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. वर्षानुवर्षं टिकणारा पॅड दीड वर्षात भरला, त्यात आमचा वाटा मोठा आहे.

तरी कंपनीला मी मोकळं सोडणार नाही. स्पंज ७० टक्के भरला, एवढी एक ओळ पडद्यावर आली असती तर सुट्टीत काम करून घेतलं असतं. काही मॉडेल्समध्ये हा पॅड मेंटेनन्स बॉक्स म्हणून वेगळा येतो, एक स्क्रू काढून आपणच बदलायचा. घ्यायला जाल तेव्हा रंग, वेग, वायफाय काही विचारू नका. मेंटेनन्स बॉक्स आपल्याला बदलता येतो का, एवढं विचारा आणि समोर उघडून दाखवायला सांगा. हजार रुपये जास्त पडले तरी ते मॉडेल घ्या.

कराडला दुरुस्तीला दीड तास लागला, १,१५० रुपये झाले. पॅड नवा, मोजणी शून्यावर. रात्री घरी लावला आणि रविवारी दुपारपर्यंत ४८० पानं पुरी केली. सोमवारी केंद्रातल्या बायका येऊन आपापले गठ्ठे घेऊन गेल्या. २३ तारखेला आम्ही सगळ्या पेपरला बसलो.

वहीचा हिशेब आजचा : यंत्र आणि दुरुस्ती मिळून १४,५५०. झेरॉक्सच्या मानाने वाचले सुमारे १४,४००. दीडशे रुपये राहिलेत, ते नाताळच्या आत फिटतील. ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे जून २०२६ मध्ये दुसरी, तिसरी आणि चौथीची पुस्तकं बदलायची आहेत, म्हणजे सरांच्या वर्गाचीही पानं आता लागणार. त्यांनी दोन रिम स्वतःच्या पैशाने आणून पेटीत ठेवली आहेत.

बोर्डाच्या खाली मी खडूने लिहून ठेवलंय : 'आधी प्रिंटरचं बटण, मग मेन.' चौथीतल्या एका मुलीने ते काम स्वतःहून घेतलं आहे. पाच वाजता बटण दाबते, हिरवा दिवा विझेपर्यंत तिथेच उभी राहते, आणि मग ओरडते, 'सर, आता करा बंद.'