कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींचा पृष्ठभाग: एसईएम निवडावा की टीईएम?

माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहणाऱ्या मोनोजेनिया गटातल्या कृमींच्या पृष्ठभागावर काम करायचं ठरलं की उपकरणाची निवड करावीच लागते. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, म्हणजे एसईएम, की ट्रान्समिशन, म्हणजे टीईएम? पहिला पृष्ठभाग बाहेरून दाखवतो, दुसरा अतिपातळ छेदांतून आतली रचना. दोन्हींसाठी वेळ आणि नमुने पुरतील अशी स्थिती क्वचितच असते. माझा कल स्पष्ट आहे: सुरुवात एसईएमने करा, पण टेग्युमेंटबद्दल, म्हणजे कृमीच्या बाहेरच्या थराबद्दल, काही ठाम म्हणायचं असेल तर टीईएमला पर्याय नाही.

याचं कारण त्या पृष्ठभागातच आहे. हा बाहेरचा थर निर्जीव आवरण असावा असं पूर्वी मानलं जाई. १९६०च्या दशकात त्याचे अतिपातळ छेद तपासले गेले आणि तो जिवंत पेशीद्रवाचा सलग थर असल्याचं दिसलं. त्या थरात पेशींच्या सीमा नसतात, केंद्रकंही नसतात. केंद्रकं असलेले पेशीभाग स्नायूंच्या थराखाली असतात आणि पेशीद्रवाच्या बारीक पुलांनी वरच्या थराशी जोडलेले असतात. खाली तयार झालेल्या स्रावी कणिका याच पुलांवरून वर येतात. एसईएमला यातलं काहीच दिसत नाही, तो फक्त वरचा चेहरा दाखवतो.

तो चेहराही मोलाचा आहे. याच गटातल्या डिप्लोझूनमध्ये दोन कृमी कायमचे एकमेकांत जुळलेले असतात. त्या जोडीतल्या प्रत्येकाच्या कल्ला पकडणाऱ्या चिमट्यांच्या चार जोड्या, अंगावरच्या वळ्या, तोंडाभोवतीची संवेदी टोकं हे सगळं एसईएमच्या एका चित्रात मावतं. कुठली रचना शरीरावर कुठे आणि किती दाट आहे, हे छेदांवरून शोधणं फार कष्टाचं. अर्ध्या मिलिमीटरचा डॅक्टायलोगायरस हा कृमी ७० नॅनोमीटर जाडीने सलग कापत गेलात तर सात हजारांवर छेद होतील.

एसईएममध्ये फसायला मात्र फार वाव आहे. पृष्ठभागावर दिसलेला उंचवटा सूक्ष्मांकुर (थराचाच बोटासारखा बारीक फुगवटा) आहे, बाहेर पडलेला स्राव आहे, माशाचा वाळलेला श्लेष्मा आहे की वाळवताना पडलेली सुरकुती, हे बाहेरून नेहमी ओळखता येत नाही. छेदात सूक्ष्मांकुराला थराच्या पटलाशी सलग असलेलं पटल दिसतं, श्लेष्म्याला दिसत नाही. संवेदी टोकाचंही तसंच: एसईएम एक केस दाखवतो, तर टीईएम त्या केसाची, म्हणजे रोमकाची, आतली रचना, त्याखालचा चेतातंतूचा फुगीर शेवट आणि टेग्युमेंटशी असलेला त्याचा सांधा दाखवतो. औषधाचा परिणाम तपासायचा असेल तर माझ्या मते टीईएमच आधी घ्यावा, कारण थरात पोकळ्या पडू लागल्या तरी वरून पृष्ठभाग धडधाकट वाटू शकतो.

सुदैवाने निवड पहिल्याच दिवशी करावी लागत नाही. ग्लुटारल्डिहाइड आणि ऑस्मियम टेट्रॉक्साइड या स्थिरकांचे, म्हणजे ऊती आहे तशी टिकवणाऱ्या रसायनांचे, टप्पे दोन्हींना चालतात. अल्कोहोलने पाणी काढून झालं की वाटा वेगळ्या होतात: एसईएमचा नमुना क्रांतिक बिंदूवर (म्हणजे पृष्ठताणाने आकसू न देता) वाळवून त्याला सोन्याचा मुलामा देतात, टीईएमचा रेझिनमध्ये बसवतात. म्हणून एकाच खेपेतले नमुने दोन कुप्यांत विभागून ठेवा. यंत्रापेक्षा ताजेपणा महत्त्वाचा: मासा मेल्यावर टेग्युमेंट झपाट्याने बिघडतं, तेव्हा जिवंत कृमीच थेट स्थिरकात जायला हवेत. त्याआधी त्याच माशाच्या पाण्यात हलकेच धुऊन श्लेष्मा काढा. नळाच्या पाण्यात, विशेषतः सागरी कृमी, फुगतात.

प्रश्न केवळ संवेदी टोकांच्या मांडणीचा असेल तर दोन्ही सोडा. सिल्व्हर नायट्रेटने रंगवलेला कृमी साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाखाली तो नकाशा देतो. कृमीच्या पकडीच्या आकड्यांची (हुकांची) मोजमापंही तिथेच घ्यावीत, कारण ते बरेचसे ऊतीत बुडालेले असल्याने एसईएमला त्यांची टोकंच दिसतात. पूर्ण आकडा एसईएमखाली हवाच असेल तर आधी विकराने (एन्झाइमने) भोवतालची ऊती विरघळवावी लागते. आणि काही कृमी अल्कोहोलमध्ये वेगळे ठेवाच. प्रजातीबद्दल शंका आली तर डीएनए त्यांच्यातूनच काढता येईल, ऑस्मियममधून गेलेल्यांतून नाही.