प्रत्येक तारेखाली स्वतंत्र पडदा: सरकत्या फ्रेटच्या गिटारचे परीक्षण

तानपुरा लावून साध्या गिटारवर यमन वाजवू लागले की गंधार चढा लागतो. गिटारचे फ्रेट (पडदे) समान अंतराच्या सप्तकाचे असल्याने तिचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा 1200वा भाग) असतो आणि तानपुऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा गंधार सुमारे 386 सेंटवर. हे अंतर मिटवण्यासाठी, तुर्की मकाम (तिकडचे रागांसारखे स्वरप्रकार) गिटारवर नीट वाजावेत म्हणून इस्तंबूलचे गिटारवादक तोल्गाहान चोउलू यांनी 2008 मध्ये आखलेल्या रचनेच्या धर्तीवर एका कारागिराकडून मी नायलॉन तारांची गिटार करवून घेतली.

तिच्या फिंगरबोर्डवर प्रत्येक तारेखाली एक खाच आहे आणि त्या खाचेत बोटाच्या पेराएवढेही नसलेले सुटे फ्रेट सरकतात; हवे तेथे जास्तीचा फ्रेट बसवताही येतो. सतारीसारखा अख्खा पडदा सरकवणे गिटारवर का चालत नाही, हे वाजवताना लगेच पटते. पाचवी तार षड्ज धरली, तर तिच्या चौथ्या फ्रेटवर गंधार येतो आणि 650 मिलिमीटरच्या तारेवर तो शुद्ध करण्यासाठी फ्रेट सुमारे 4 मिलिमीटर मागे, खुंट्यांकडे न्यावा लागतो. मात्र तिसऱ्या तारेवर तोच फ्रेट ऋषभाचा असतो, आणि तो सोबत सरकला की ऋषभ उगाच उतरतो. सुट्या फ्रेटमुळे ही ओढाताण संपते. नीट लावल्यावर पाचव्या तारेचा गंधार तानपुऱ्यात असा मिसळतो की दोन स्वरांच्या फरकाने उठणारा कंप अजिबात ऐकू येत नाही, आणि माझ्या मते एवढ्या एका स्वरासाठीही हे वाद्य घ्यावे.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, मात्र येथे अपुरी पडते. तार आडवी ओढली की ती आपल्या छोट्या फ्रेटवरून घसरून शेजारच्या तारेच्या फ्रेटवर चढते आणि तो वेगळ्या जागी असल्याने स्वर मध्येच उडी मारतो. हलका आंदोलित कोमल ऋषभ जमतो, पण लांब मींड ज्यांच्या वादनाचा प्राण आहे त्यांनी फ्रेटविरहित गिटारच पाहावी. राग बदलायचा तर फ्रेट पुन्हा लावण्यात बराच वेळ जातो, त्यामुळे मैफलीत यमननंतर लगेच तोडी घेता येणार नाही.

कारागिराला ऑर्डर देताना खाच घट्ट ठेवायला आवर्जून सांगावे, कारण फ्रेट किंचितही सैल राहिला तर खालच्या तारा खरखरतात.