स्तनपान समुपदेशन ओपीडी, नाशिक: बागेत राहणाऱ्या आईचा अभिप्राय

चार स्टार. पाचवा कापला तो जिन्यापायी. ओल्या बाळंतिणीला दोन मजले चढवायचं आणि वर तासभर ताटकळत ठेवायचं, हे निदान या दवाखान्यात तरी शोभत नाही.

आमचं घर निफाड तालुक्यात, द्राक्षबागेतच. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी, भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारणीचे ब्लोअर सुरू होतात आणि ओट्यावर बसलं तरी औषधाचा वास येतो. नेमकी तेव्हाच माझी डिलिव्हरी. आईच्या दुधात कीटकनाशकं सापडतात असं मोबाईलवर वाचलं आणि झोपच उडाली. सासूबाई म्हणायच्या, "आम्ही काय बागेत पोरं पाजली नाहीत?" जाऊबाईंचं म्हणणं, सरळ डब्याची दूध पावडर सुरू कर. दूध तपासून मिळेल का, एवढंच विचारायला मी इथे गेले होते.

समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी तपासणी लिहूनच दिली नाही. आकडा आला तरी अमुक इतकं असेल तर पाजू नका, अशी ठरलेली रेघच नाही म्हणाल्या. वर मलाच विचारलं, "पावडर कोणत्या पाण्यात कालवणार?" आमची विहीर बागेच्या खालच्या अंगाला. खतातलं नायट्रेट पाण्यात उतरतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर ते पिण्याच्या पाण्यात चालत नाही; तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू कमी होऊन ते निळं पडू शकतं. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट दाट होतं. डब्याची शिफारस करणाऱ्या एकानेही हे सांगितलं नव्हतं.

डीडीटीसारखी जुनी औषधं चरबीत वर्षानुवर्षं साठतात आणि दुधातल्या चरबीबरोबर उतरतात, हे त्यांनी लपवलं नाही. शेतीत डीडीटीला १९८९ पासून बंदी आहे. हल्लीची बरीच औषधं तशी साठून राहत नाहीत, पण म्हणून अंगावर घ्यायची नाहीत. बाळंतपणानंतर उपाशी राहून झपाट्याने वजन उतरवू नका, चरबी वितळली की साठलेलं बाहेर येतं, असंही बजावलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, हा सल्ला बागेत राहणाऱ्या बाईलाही तोच.

मग आमच्या यांनाही आत बोलावलं, हे मला फार आवडलं. फवारून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही. ते कपडे वेगळे धुवायचे, बाळाच्या लंगोटांत टाकायचे नाहीत. औषधाच्या बाटल्या घरात नकोत, रिकाम्या तर मुळीच नकोत. ब्लोअर चालू असताना मी आणि बाळ दारं लावून आत. पाजत्या बाईने डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायच्या कामाला, जायचं नाही. फवारणीनंतर कुणाला मळमळ, लाळ, दरदरून घाम, बाहुल्या बारीक झाल्या, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. हे मान डोलावत ऐकत होते. मी सांगितलं असतं तर निम्मं ऐकलं नसतं.

आणखी एक. भिंतीवर डब्याच्या एकाही कंपनीचं कॅलेंडर नाही. १९९२ च्या कायद्याने ते लावताच येत नाही, पण मेडिकलच्या दुकानात काय चालतं ते आपण बघतोच.

फी वाजवी, वेळ घाईचा नाही. दूध काढायचा पंप घ्यायचा आग्रह मात्र थोडा जास्त झाला. दिवसभर घरीच असलेल्या बाईला त्याचं काय करायचं? जाणार असाल तर सकाळचा पहिला नंबर लावा आणि बागेत फवारायच्या सगळ्या औषधांच्या लेबलांचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, मॅडम एकेक वाचून बघतात.