युद्धबातम्यांचे जुने अंक: 'जंटलमन्स मॅगझिन' घ्यावे की 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'?

आधी युद्ध ठरवा, मग नियतकालिक. आसईची मराठे-इंग्रज लढाई (२३ सप्टेंबर १८०३) किंवा टिपूच्या श्रीरंगपट्टणचा पाडाव (४ मे १७९९) हवा असेल तर 'जंटलमन्स मॅगझिन' या लंडनच्या मासिकाकडे जा. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या सचित्र साप्ताहिकाचा पहिला अंकच १४ मे १८४२ चा आहे. क्रिमियाचे युद्ध किंवा १८५७ हवे असेल तर 'इलस्ट्रेटेड'च घ्यावे. पहिल्यात मजकूर वाचायचा असतो, दुसऱ्यात चित्र पाहायचे असते, आणि दोन्ही पारखण्याच्या रीतीही वेगळ्या आहेत.

नवा संग्राहक पहिली चूक तारखेत करतो. घटनेच्या महिन्याचा अंक मागवतो आणि त्यात काहीच सापडत नाही. श्रीरंगपट्टणची बातमी जहाजाने लंडनला पोचली ती सप्टेंबर १७९९ मध्ये, म्हणून त्या वर्षाचा उत्तरार्धाचा भाग घ्यायचा. आसईसाठी १८०३ नव्हे, १८०४ चा खंड लागतो. मेरठचा उठाव १० मे १८५७ चा, पण लंडनला तो कळला जूनच्या अखेरीस, त्यामुळे 'इलस्ट्रेटेड'चे जुलैपासूनचे अंक पाहावेत. शिवाय 'जंटलमन्स' मासिक होते आणि एका महिन्याचा अंक पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला निघे. काटेकोर अर्थाने 'पहिली' बातमी हवी असेल तर ती सरकारी 'लंडन गॅझेट'च्या जादा अंकात असते. मासिकाने बरेचदा तीच पुन्हा छापलेली असते. तरीही सुरुवात मासिकापासून करावी हे बरे. तिथे सेनापतीच्या खलित्याशेजारी त्याच महिन्याचे बाजारभाव आणि मृत्यूच्या नोंदी मिळतात आणि तो काळ सलग वाचता येतो.

'जंटलमन्स' १७३१ साली एडवर्ड केव्हने लंडनमध्ये सुरू केले. अंक आकाराने लहान, साधारण २१ बाय १३ सेंटिमीटर. कागद चिंध्यांच्या लगद्याचा, म्हणून दोन-सव्वादोनशे वर्षांनंतरही मऊ आणि लवचीक. पान उजेडासमोर धरले की अठराव्या शतकातल्या कागदात समांतर रेघा दिसतात. बोट फिरवले की छपाईच्या खिळ्यांचा दाब जाणवतो. जुन्या खंडांत 'एस' हे अक्षर 'एफ'सारखे दिसते. त्याला छपाईचा दोष समजू नका. खरी अडचण नकाशांची. घडीचे नकाशे आणि कोरीव चित्रे फ्रेमसाठी काढून विकलेली असतात. बांधणीच्या आत कापलेल्या पानाची अरुंद पट्टी उरली आहे का ते पाहा, आणि खंडातली चित्रांची यादी एकेका चित्राशी ताडून घ्या. सुटा महिना घेत असाल तर डाव्या काठाला शिलाईची भोके दिसतील. तो अंक खंडातून सोडवलेला आहे. यात खोट नाही, पण मूळ निळे कागदी वेष्टन असलेल्या अंकाचा भाव त्याला देऊ नये. ही वेष्टने बांधणी करणारे टाकून देत, म्हणून ती दुर्मीळ.

'इलस्ट्रेटेड'चे पान सुमारे ४० बाय २८ सेंटिमीटर. मोठे चित्र लाकडाच्या लहान ठोकळ्यांवर विभागून वेगवेगळे कारागीर कोरत आणि मग ठोकळे एकत्र जोडत. सांध्याच्या जागी केसाएवढी पांढरी रेघ राहते. मात्र ही रेघ नकलेतही उतरते, म्हणून दहापट भिंगातून पाहा: अस्सल रेषा सलग काळी असते, आधुनिक छपाईत बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. १८५७ चे चित्र रंगीत असेल तर तो रंग बहुधा मागाहून हाताने चढवलेला असतो. जास्त पैसे देऊ नका. १८५५ पूर्वीच्या अंकावर वृत्तपत्रकराचा लाल शिक्का असावा, क्रिमियाचे १८५४ चे अंक घेताना हा चांगला पुरावा. पानांचे आकडे सहामाही खंडभर सलग चालतात, त्यामुळे मध्ये आकडा तुटला की पुरवणी किंवा चित्राचे पान गेले असे समजा. आणि १८५७ च्या सुरुवातीच्या अंकांतली दिल्लीची वा शिपायांची चित्रे रणांगणावरची मानू नका. ताजी रेखाचित्रे यायला वेळ लागे, तोवर हाताशी असलेली जुनी दृश्ये छापली जात. प्रत्यक्षदर्शी चित्र हवे असेल तर त्या वर्षाअखेरचे आणि १८५८ चे अंक पाहा.

फसवणुकीची भीती या दोघांपेक्षा गाजलेल्या दैनिकांत अधिक. ट्रॅफल्गारच्या लढाईची बातमी देणारा ७ नोव्हेंबर १८०५ चा 'टाइम्स' आणि लिंकनच्या हत्येचा १५ एप्रिल १८६५ चा 'न्यूयॉर्क हेरल्ड' यांच्या नकला वारेमाप आहेत. घरातल्या जुन्या पेटीत सापडला, म्हणून अस्सल मानू नका. नकलाही शंभर वर्षांच्या असू शकतात.

सुटा अंक की बांधीव खंड? 'जंटलमन्स'चा पूर्ण खंड घ्यावा: सूची मिळते, पाने सुरक्षित राहतात आणि प्रत्येक महिन्यामागे खर्च कमी पडतो. 'इलस्ट्रेटेड'चा खंड अवजड, कपाटात आडवाच ठेवावा लागतो आणि उभा ठेवला की पाने आपल्याच वजनाने शिलाईतून सुटतात. एकाच युद्धात रस असेल तर त्याचे पाच-सहा सुटे अंक पुरेत. पण चित्रांसाठी चांगला खंड फोडायला कुणाला सांगू नका. फोडलेला खंड पुन्हा जमत नाही.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचा विचार करूनच आकार निवडा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर सतत राहिली की बुरशी धरते. लहान 'जंटलमन्स' हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत मावते, 'इलस्ट्रेटेड'च्या खंडासाठी खोलीतच आर्द्रताशोषक यंत्र लागते. सुटी पाने पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा लावून ठेवा. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी कधीच नको. तपकिरी ठिपके ब्लीचने घालवू नका, कागदाचा जीव जातो. कसरीसाठी दर दोन महिन्यांनी शिलाईची बाजू तपासा.

पुढे परदेशात विकायचा बेत असेल तर खरेदीआधीच भारताचा १९७२ चा पुरावशेष (जुन्या ऐतिहासिक वस्तूंविषयीचा) कायदा वाचा. ऐतिहासिक मोलाचे ७५ वर्षांहून जुने दस्तऐवज त्याच्या कक्षेत येतात आणि पुरावशेषांची खासगी निर्यात करता येत नाही. नातेवाइकांकडून परदेशातून मागवलेला अंक नंतर परत पाठवतानाही हा प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून आयातीची पावती अंकासोबतच जपून ठेवा.